हेनिंगच्या घरचं पाणी

हेनिंग दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट घेऊन जिना चढत होता. त्याच्या मागे मी, माझ्या मागे भानुदास मामा आणि सगळ्यात शेवटी, दर मजल्यावर थांबून वर बघत, आई.

“गडी दमाचा हाय गं संजे,” मामा स्वतः धापा टाकत म्हणाला. “न थांबता चढायलाय.”

मी मनातून खूश झाले. घर बघायला आलेल्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य असं निघालं, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. आईने मात्र एवढंच विचारलं, की घर कितव्या मजल्यावर आहे. चौथ्या, मी म्हटलं. आणि लिफ्ट? लिफ्ट नाही, इमारत जुनी आहे.

“हं,” आई म्हणाली.

तिचा हा हं मला लहानपणापासून माहीत आहे. बाजारात कांदा हातात घेऊन, दाबून बघून ती असाच हं म्हणते आणि कांदा परत ढिगावर ठेवते.

दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबच्या काठी उल्म नावाचं गाव आहे. तिथे मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि हेनिंग तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचा. आम्हाला लग्न करायचं होतं. हे मी फोनवर घरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, आधी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “तुझी आई जाऊन घर बघून यील. ती हो म्हनली तर माझं हो. ती न्हाई म्हनली तर इषय संपला.”

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी घर बघायला जायची रीत आहे. मुलाचं शिक्षण, पगार, स्वभाव हे काय, चार लोकांकडून कळतं. घर मात्र आपल्या डोळ्यांनी बघायचं. ते घर बीड जिल्ह्यात आहे की समुद्रापलीकडे, याने आबांच्या लेखी काही फरक पडत नव्हता. मी तिकिटं पाठवली, मामाने खटपट करून दोघांचे पासपोर्ट काढले आणि मे महिन्यात ही दोघं फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरली. मामा नव्या सफारीत, आई नऊवारीवर माझा जुना स्वेटर घालून.

तिने नाही म्हटलं असतं तर मी पळून जाऊन लग्न केलं असतं का, असं हेनिंगने मला एकदा विचारलं होतं. मी त्याला खरं तेच सांगितलं. आबांशी मी भांडले असते. आईचं मन मोडून मला संसार जमला नसता.

पहिल्याच दिवशी, माझ्या खोलीवर आल्या आल्या, आईने माठ कुठे आहे असं विचारलं. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला, ग्लास भरला आणि तिच्या हातात दिला. तिने आधी वास घेतला. मग उजेडात धरून बघितला.

“हे प्यायचं का वापरायचं?”

“दोन्ही एकच आहे.”

तिला ते काही केल्या पटेना. आमच्या गावात प्यायचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं. वापरायचं म्हणजे बोअरचं, खारं, त्यात डाळ शिजत नाही. प्यायचं म्हणजे लांबून आणलेलं. मी इथे आल्यापासून कधी पाण्याची बाटली विकत घेतली नव्हती. ऑफिसातल्या मैत्रिणी बुडबुड्यांच्या पाण्याच्या बाटल्या कवटाळून बसायच्या, मी आपली नळाखाली ग्लास धरायची. त्यांना मी चिकट वाटत असेन. पण नळ सोडला की गोड पाणी येतं, ही चैन माझ्या लेखी अजून जुनी झाली नव्हती. आईने त्या दिवशी तो ग्लास संपवला, आणि मी सांगूनसुद्धा माझी सगळी पातेली, कुकर आणि चहाची किटली भरून ठेवली. नळाचा काय भरवसा, असं तिचं म्हणणं. मी हसले. पुढच्या दिवशी हे आठवायला हवं होतं, पण हेनिंगच्या नादात विसरून गेले.

कारण हेनिंगने घर लखलखीत करून ठेवलं होतं. खिडक्या पुसल्या होत्या, सोफ्यावर नवी चादर घातली होती, आणि केकमध्ये अंडं चालतं की नाही हे मला इतक्यांदा विचारलं होतं, की शेवटी मी चिडून केकच नको म्हटलं. दारात त्याने वाकून नमस्कार केला तो जरा जास्तच वाकून. मामाने त्याला खांद्याला धरून उठवलं. “बास, बास, हेनिंगराव.” 

स्वयंपाकघरात भिंतीला लागून क्रेटवर क्रेट रचलेले होते. साधं पाणी, बुडबुड्यांचं पाणी, कमी बुडबुड्यांचं पाणी. जिन्यात त्याच्या हातात होते ते शेवटचे दोन. मी त्याला जर्मनमध्ये हळूच विचारलं, हे काय मांडलंयस? तो एरवी माझ्यासारखाच नळाचं पाणी पिणारा. तो म्हणाला, तुझी आई पहिल्यांदा माझ्या घरी येतेय, तिला मी नळाचं पाणी देऊ? तिकडे खरंच तशी रीत आहे. घरची माणसं काहीही पितील, पण पाहुण्याला नळाचं पाणी दिलं तर तो कंजूषपणा समजतात. शिवाय भारतात गेलेल्या एका मित्राने त्याला सांगितलं होतं, की तिथली माणसं सीलबंद बाटलीशिवाय पाणी तोंडाला लावत नाहीत. मित्राने ज्या हॉटेलात बघितलं त्या हॉटेलातली माणसं लावत नसतील. पण एवढे क्रेट टेकडीवरच्या चौथ्या मजल्यावर चढवणारा माणूस बघून मला त्याला चिडवायचं सुचलंच नाही. माया आली.

मामाने बुडबुड्यांचं पाणी घेतलं, मोठा ढेकर दिला आणि हे औषधी आहे असं जाहीर केलं. आई बाथरूममध्ये हात धुवायला गेली. तिथल्या नळाला हेनिंगने पाणी वाचवायची जाळी बसवली होती, त्यामुळे धार सुतासारखी येत होती. आई बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती हात पुसत.

जेवण झाल्यावर हेनिंग भांडी घासायला उभा राहिला. मामाने मला कोपराने ढोसलं, जावई भांडी घासायलाय. जर्मन माणूस भांडी कशी घासतो हे मला पाठ होतं. बेसिनला बूच लावायचं, ते गरम पाण्याने भरायचं, त्यात साबण टाकायचा आणि सगळी भांडी त्याच पाण्यात घासून फडक्याने पुसायची. वरून पाणी सोडून विसळायचं नाही. आई त्याच्या शेजारी उभी राहून हे एकटक बघत होती. मला वाटलं, त्याचं कौतुक बघतेय.

संध्याकाळी माझ्या खोलीवर परत आलो. मामाने सफारी काढून लुंगी लावली. आईने पलंगावर मांडी घातली आणि निकाल दिला.

“मानूस चांगलाय. घर नको.”

मी चहाचं आधण ठेवत होते. हातातली साखरेची बरणी तशीच राहिली. का नको, मी विचारलं. ती सांगेना. मग मीच एकेक कारण काढत बसले. तो गोरा आहे म्हणून? तिने मान हलवली. त्याला मराठी येत नाही म्हणून?

“तुझ्या आबाला येती की. काय उपेग झाला?”

मामा तोंड दाबून हसला. मला हसू येत नव्हतं. घर लहान आहे का? भाड्याचं आहे म्हणून? प्रत्येक प्रश्नाला ती मान हलवून नाही म्हणे. मी शेवटी रडकुंडीला आले. म्हटलं, आई, तू नाही म्हटलंस तर मी नाही करणार लग्न, पण मला कारण तर कळू दे.

तेव्हा ती म्हणाली, “ते बाटल्यातलं पानी रोज कोन आनतं?”

“तो आणतो. पण रोज नाही, आज...”

“लग्नाच्या आधी समदेच आनतेत.” तिने माझं मनगट धरून मला शेजारी बसवलं. “मंग बाईच्या डोक्यावर येतंय. चार मजले हायेत, संजे. टेकडी येगळी. पोटुशी झालीस म्हंजी काय करशील?”

मला आधी कळेचना. मग हळूहळू सगळा हिशोब ध्यानात आला. क्रेटचा ढीग, सुतासारखी धार, एका पाण्यात घासलेली सगळी भांडी. आमच्या गावात दुष्काळात अगदी अशीच भांडी घासतात. मी खो खो हसायला लागले, इतकी, की मामा घाबरला. मी तिला समजावलं, की नळाचं पाणी त्याच्याकडेही प्यायचंच आहे, ते क्रेट केवळ तुमच्या मानासाठी होते, तू कालपासून माझ्या नळाचं पाणी पितेयसच की.

“तुझ्या वस्तीला येतंय,” आई शांतपणे म्हणाली. “त्याच्या वस्तीला येतंय कशावरून? आपल्या गावात खालच्या आळीला येतं, वरच्या आळीला चढतंय का? तो तर टेकडीवर ऱ्हायलाय.”

“आई, हा जर्मनी आहे.”

“आसू दे. पानी खालीच वाहतंय ना हितं बी?”

मामा मधे पडला. म्हणाला, आक्का, पोरगी इतकी शिकलेली, ती खोटं कशाला सांगंल. आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो लुंगी सावरायला लागला.

“ज्याच्या घरी पानी असतं भानुदास, त्यो ते साठवून दाखवत न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “उद्या परत जाऊ. न सांगता. त्याला फोन करायचा न्हाई. पाहुनं यायच्या आधी घर कसं असतं ते मला बघायचंय.”

जर्मनीत न सांगता कुणाकडे जात नाहीत. तिथे आईसुद्धा लेकाकडे आधी फोन करून जाते. आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणजे तर दाराला हात लावणंही पाप. पण माझं अख्खं लग्न आता त्या नळावर येऊन ठेपलं होतं. मी फोन केला नाही. मोह झाला होता, पण आईने फोन उशाखालीच घेतला होता.

सकाळी आम्ही तिघं टेकडी चढून गेलो. चौथ्या मजल्यावर घंटी वाजवली, दार उघडलं नाही. माझ्या पर्समध्ये त्या घराची किल्ली होती. ती तिथे का आहे हे आईला सांगण्यापेक्षा जिन्यात बसलेलं बरं, म्हणून आम्ही जिन्यात बसलो. समोरच्या दारातून एका म्हाताऱ्या बाईने डोकं काढून नऊवारी नेसलेली आई बघितली आणि डोकं आत घेतलं. मामाने तिला नमस्कार केला तोवर दार लागलंही होतं.

मग खालून पळत येणारी पावलं वाजली. हेनिंग. तो रविवारी नदीकाठाने धावायला जातो हे मी विसरलेच होते. आखूड चड्डी, घामाने चिकटलेला शर्ट, तोंड टोमॅटोसारखं लाल. आम्हाला बघून तो शेवटच्या पायरीवर एवढा दचकला, की कठडा धरून उभा राहिला. काय झालं, कुणाला बरं नाही का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, दार उघड. त्याने दोन्ही हात जोडले, किल्ली खाली पाडली, उचलली, दार उघडलं, आम्हाला आत बसवलं, दोनदा माफी मागितली, आणि मग त्याला आणखी दम धरवेना. तो तसाच स्वयंपाकघरात गेला. नळ पुरता सोडला, मान वाकडी करून तोंडच धारेखाली घातलं आणि गटागटा पाणी प्यायला लागला. पाणी त्याच्या कानावरून, मानेवरून, शर्टात चाललं होतं. जत्रेतली पोरं हातपंपावर पितात ना, तसा.

आई दारात उभी राहून बघत होती. धार चांगली मनगटाएवढी होती.

हेनिंगने तोंड वर केलं आणि त्याला पाहुण्यांची आठवण झाली. शरमून त्याने तोंड पुसलं, धावत क्रेटकडे गेला, एक बाटली काढली, चांगला ग्लास काढला आणि झाकण फिरवायला लागला.

“थांब म्हन त्याला,” आई म्हणाली.

ती पुढे झाली. नळ तिनेच सोडला. ओंजळ धरली आणि प्यायली. मग त्याच्या हातातला ग्लास घेऊन नळाखाली धरला, भरला, आणि तोही संपवला. नळ मात्र बंद करेना. धारेखाली हात धरून तशीच उभी राहिली.

“इचार त्याला, रोज येतं का दिसाआड?”

मी विचारलं. हेनिंगला प्रश्नच कळला नाही. काय येतं, असं त्याने विचारलं. पाणी, मी म्हटलं. त्याने एकदा नळाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. भूगोलाचा मास्तर असून त्याला विचार करावा लागला.

“ते येत नाही,” तो म्हणाला. “ते असतंच.”

मी आईला मराठीत सांगितलं. “असतंच म्हन,” ती स्वतःशी बोलल्यासारखं बोलली आणि तिने नळ बंद केला. मग स्टुलावर बसली. मामाला म्हणाली, “भानुदास, माझं घर बघायला अण्णा गेलते, तवा तू लहान होतास.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा, या दोघांचे वडील. मामाने मान हलवली.

“परसदारी रांजन होते. समदे काठोकाठ भरलेले. अंगनात शिंपडलेलं, गुरांच्या डोनीत पानी, पाहुन्याला पाय धुवायला घागरभर. अण्णा खुशीत घरी आले. म्हनले, पोरगी सुखात पडली, पान्याला तोटा न्हाई.” आईने बंद नळाकडे बघितलं. “आदल्या दिशी बैलगाडी जुपून लांबच्या हिरीवरनं आनलं होतं समदं. पाहुनं येनार म्हनून. गावात हीर कुठं होती?”

“आबांना माहीत होतं?” मी विचारलं.

“त्यानंच तर आनलं.” ती थोडी हसली. “माझ्यासाठी आनलं म्हनतोय आजून. तुज्या हेनिंगनं बाटल्या आनल्यात तसंच. मानूस वाईट नव्हता, संजे. म्हनून तर राह्यले. पन जलम डोक्यावर हंडा घेऊन गेला.”

हेनिंग ओल्या शर्टाने तिथेच उभा होता. मामा म्हणाला, “अण्णाला कवा कळलं?”

“दिवाळीला न्यायला आला तवा. मी पान्याला गेलते. संध्याकाळपस्तोर ओट्यावर बसून होता. मी आले तर उठला, माझ्या डोक्यावरचा हंडा सोताच्या हातानं उतरून घेतला. एक सबूद बोलला न्हाई. मी त्याच हंड्यातनं तांब्या भरून दिला. त्यानं हातात घेतला आन् म्हनला, हे तू पी.”



आमच्या भागात जुनी रीत होती, की आई-बापाने लग्न झालेल्या लेकीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये. आता ती फारसं कुणी पाळत नाही. पण अण्णा ती मरेपर्यंत पाळायचे, असं घरात सगळे अभिमानाने सांगत. आमच्याकडे ते यायचे, उन्हातून यायचे, ओट्यावर बसायचे, नातवंडांना खाऊ द्यायचे आणि तसेच तहानलेले परत जायचे. मी स्वतः त्यांच्यापुढे तांब्या धरला आहे आणि त्यांनी तो माझ्या हातून घेऊन मलाच पाजला आहे. मला तो लाड वाटायचा.

“आमाला वाटायचं, रीत पाळायलेत,” मामा म्हणाला.

“लोकाला तसंच सांगायचा.”

मामा उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला रडू आवरेना. हेनिंगने घाबरून मला विचारलं, काय झालं, आई नाही म्हणाली का? मी त्याला थांबायची खूण केली.

आईने पदराने तोंड पुसलं. मग हेनिंगकडे नीट बघितलं, त्याच्या ओल्या शर्टापासून चिखलाच्या बुटांपर्यंत, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आबाला फोन लाव. सांग, घर बघितलं. पोरगी द्यायला हरकत न्हाई. आन् ती रीतबीत मी काय पाळनार न्हाई बाई. तुझ्या घरी यीन तवा पोटभर पानी पिऊन जाईन.”

तिने रिकामा ग्लास हेनिंगपुढे धरला. या वेळी तो बाटलीकडे गेला नाही. त्याने नळ सोडला, ग्लास काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिला दिला.